पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे पहिल्याप्रथम म्हणणारा माणूस आमच्या सोलापूरचाच असला पाहिजे, आणि पार्क मैदानाजवळच्या एखाद्या चहाच्या टपरीवर बसूनच तो ते म्हणाला असला पाहिजे, अशी माझी फार दिवसांची समजूत आहे. कारण त्या टपरीवर संध्याकाळी जमणारी आमची मंडळी दुसरे काही करतच नाहीत. समोर पोरे धावत असतात; मंडळी बशीत चहा ओतून घेतात आणि पोरांच्या पायांचे भविष्य सांगतात. ‘हा जिल्ह्यापर्यंत जाईल, पुढे नाही.’ ‘तो उंच आहे, पण कमरेत वाकत नाही.’ ‘तिसऱ्याला दम आहे, पण डोके नाही.’ एवढ्या अवधीत एवढी भविष्ये काशीच्या ज्योतिष्यालाही सांगता येणार नाहीत.

या मंडळींत एक बंद पडलेल्या गिरणीतले निवृत्त कापड-तपासनीस आहेत. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. दुसरे पूर्व भागातले एक तेलुगुभाषक विणकर. तिसरे औषधाच्या दुकानात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ. आणि चौथा मी: शाळेत चित्रकला शिकवणारा, सवडीने कादंबऱ्या लिहिणारा आणि शाळेच्या खो-खो संघाचे ओझे गेली वीस वर्षे वाहणारा मास्तर. मॅट्रिक आणि चित्रकलेची एक पदविका, यापलीकडे माझ्या शिक्षणाची मजल गेली नाही. पण पोरांच्या पायांविषयीचे आपले मत मी कधी कोणा पदवीधराच्या मतापेक्षा कमी मोलाचे मानले नाही.

जुलै २०२२ मधली गोष्ट. खो-खोची नवी व्यावसायिक लीग, ‘अल्टिमेट खो-खो’, सुरू व्हायची होती आणि तिच्यासाठी पुण्यात खेळाडूंची निवड झाली. हा लिलाव नव्हता. लहानपणी आळीत खेळताना दोघे म्होरके समोरासमोर उभे राहत आणि पाळीपाळीने एकेक गडी मागून घेत, अगदी तसेच हे. फरक एवढाच की इथे म्होरके सहा होते, मुंबई, गुजरात, राजस्थान, ओडिशा, चेन्नई आणि तेलुगू योद्धाज. आणि उभ्या असलेल्या पोरांवर आधीच अ, ब, क, ड अशी अक्षरे पडलेली होती. त्यांत मिसरूड न फुटलेली मुलेही होती.

त्या संध्याकाळी टपरीवर जी चर्चा रंगली, ती विधानसभेतही रंगत नसेल. पहिला प्रश्न आपला संघ कोणता, हा. महाराष्ट्र म्हणून मुंबई आपली, पण विणकर हात जोडून म्हणाले, “नावातच तेलुगू आहे हो. आता मी काय करू?” आणि मग बातमी आली की आमच्या जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईने घेतला. माळशिरस तालुक्यातले वेळापूर आम्हांला अर्धनारी नटेश्वराच्या देवळासाठी ठाऊक आणि तितकेच खो-खोसाठी. झाले! मरिना बीच ज्यांनी सिनेमातही नीट पाहिला नसेल असे आम्ही चौघे एका घटकेत चेन्नईकर झालो.

दुसरा प्रश्न कोणत्या संघाने शहाणपणा केला आणि कोणी माती खाल्ली, हा. इथे काकांची वही उघडली. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात त्यांनी तीस वर्षे कापड उजेडासमोर धरून पाहिले होते. कुठे धागा सुटला आहे, कुठे गाठ आहे, कुठे डाग आहे, हे त्यांना बोट लावून कळे. आणि मग माल ‘फ्रेश’, की ‘सेकंड’, की ‘फेंट’, की सरळ ‘चिंधी’, हे ते ठरवीत. गिरणीचे भोंगे केव्हाच थांबले, पण ते चार शब्द काकांच्या जिभेवर राहिले. सहा संघांची यादी पुढे घेऊन त्यांनी एकेका पोरापुढे तेच शब्द लिहिले होते. सतरा वर्षांच्या एका मुलापुढे लिहिले होते: ‘फेंट’. म्हणजे ताग्यातून निघालेला तुकडा. विकेल, पण पेठेत नाव होणार नाही.

आम्ही हसलो. मीही हसलो. पण घरी जाताना तो शब्द बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला.

वाचकहो, हे वेड फक्त टपरीवरचे आहे असे मानू नका. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असेल. आत्या आलेली असेल, मामा आलेला असेल, चिवड्याची ताटली फिरत असेल. आणि मधोमध उभे असेल एखादे दहा-अकरा वर्षांचे पोर. ‘काय रे, किती टक्के?’ म्हणून सुरुवात होईल. मग त्याच्यादेखतच, ते जणू भिंत आहे असे समजून, निवड सुरू होईल. ‘हा बापावर गेलाय, गणितात राम नाही.’ ‘थोरली हुशार, हिचं आपलं नाचणं-बागडणं.’ ‘याला दुकानावरच बसवा.’ कोणाच्याही मनात वाईट नसते. चकली खुसखुशीत आहे हे ज्या गळ्याने सांगायचे, त्याच गळ्याने हेही सांगितले जाते.

हे वेड आपल्याच देशातले आहे असेही नाही. अमेरिकेत बेसबॉल म्हणून एक खेळ आहे. आपल्या विटीदांडूचा दूरचा, श्रीमंत भाऊबंद म्हणा. तिथे १९६५ पासून दरवर्षी होतकरू, हौशी पोरांची अशीच पाळीपाळीने निवड होते, आणि आदल्या हंगामात सर्वांत मागे पडलेला संघ पहिला हात मारतो, हा तिथला मूळ रिवाज. १९६६ साली पहिला हात न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा होता. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा मुलगा उचलला. दुसऱ्या क्रमांकावर जो मुलगा गेला त्याचे नाव रेगी जॅक्सन. पुढे तो त्या खेळातल्या थोरांपैकी एक ठरला. चिलकॉटचा खांदा दुखावला आणि तो वरच्या दर्जाच्या लीगमध्ये एक सामनाही खेळू शकला नाही. उलट १९८८ साली माइक पियाझ्झा नावाचा मुलगा बासष्टाव्या फेरीत, एक हजार तीनशे नव्वदाव्या क्रमांकावर घेतला गेला. तोही बापाची एका प्रशिक्षकाशी दोस्ती होती म्हणून, भिडेखातर. २०१६ साली त्याच पियाझ्झाची त्या खेळाच्या कीर्तिवंतांत गणना झाली.

अशा गोष्टी आपल्याला फार आवडतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे हटकून अशी एखादी गोष्ट सांगतात: अमक्या थोर माणसाला त्याच्या गुरुजींनी ‘ढ’ म्हटले होते, आणि पाहा! टाळ्या पडतात. गुरुजींची फजिती होते, मुले खूश होतात, आणि ‘ढ’ म्हणणारे आम्ही मास्तरही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. मीही पुष्कळ वर्षे वाजवल्या. पण अलीकडे मला वाटू लागले आहे की या गोष्टींनी आपण स्वतःची फार स्वस्तात सुटका करून घेतो. चुकलेल्या भाकितांच्या गोष्टी होतात. कारण ज्याच्याविषयी ते भाकीत केले तो माणूस त्यावर पाय देऊन वर चढलेला असतो. त्याचे फारसे काही बिघडलेले नसते. खरी ठरलेल्या भाकितांची गोष्ट कोणी सांगत नाही. आणि खरी चौकशी व्हायला हवी ती त्यांचीच.

माझे असे एक भाकीत आहे. ते खरे ठरले.

२००६ सालची गोष्ट. शालेय स्पर्धेसाठी मी संघ निवडत होतो. मैदानावर तीस मुले, जागा बारा. त्यांत सातवीतला एक मुलगा होता. आई विड्या वळायची, बाप मागावर. अंगाने काटकुळा, पण पायांत वारा. खांबाला वळसा घालताना तर तो नुसता भिरभिरे. एकच खोट होती. पळणारा गडी हाताच्या अंतरावर आला आणि सूर मारायची वेळ आली, की ऐन क्षणी तो अडखळे. मी दोन-तीनदा पाहिले. माझे कामच पाहण्याचे आहे. चित्रकलेचा मास्तर दुसरे काय करतो? मला स्वच्छ दिसले की सूर मारण्याआधी तो डोळे मिटतो. आणि हे दिसल्यावर मी सगळ्यांदेखत काय म्हणालो? “हा ऐन वेळी कच खाणारा गडी आहे. बारावा म्हणून राहू दे.”

उपांत्य सामन्यात एक मुलगा लंगडत बाहेर आला आणि या बाराव्याला आत पाठवावे लागले. शेवटचे अर्धे मिनिट उरले होते आणि एक गुण हवा होता. त्याला खो मिळाला. समोरचा गडी खांबाकडे पळत होता, दोन हात अंतर. सूर मारला असता तर गडी बाद होता. पोरगा अडखळला. गडी खांबापलीकडे गेला, शिट्टी वाजली, आम्ही एका गुणाने हरलो.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्याने जे उमटले ते हरल्याचे दुःख नव्हते. ते एक ऊबदार, गोड समाधान होते: ‘म्हटलं नव्हतं?’ माझी शाळा हरली होती, ज्या मुलांना मी महिनाभर पहाटे उठवले होते ती माझ्यासमोर रडत होती, आणि मी मात्र बरोबर ठरल्याच्या सुखात क्षणभर न्हाऊन निघालो होतो. दुःख आले, पण ते मागाहून आले.

तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. मी त्याला बोलावलेही नाही. मला कशाला बोलवावेसे वाटेल? त्याच्याविषयी जे जाणायचे ते मी जाणले होते.

माणूस भाकीत करतो तेव्हा तो नुसते बोलत नाही. तो त्या बोलण्यात आपली पत गुंतवतो. आणि एकदा पत गुंतली, की समोरच्या पोराने पडावे, अशी एक बारीकशी इच्छा आपल्या नकळत मनात घर करते. टपरीवर मी हे कितीदा पाहिले आहे! ज्या पोराला ‘टिकणार नाही’ म्हटले, तो आपल्याच संघातला असला तरी तो घसरला की डोळे चमकतात. आपण त्या संघावर प्रेम करतो, त्याच्या विजयासाठी नवस बोलतो. आणि आपले शहाणपण सिद्ध व्हावे म्हणून त्याच संघातल्या एका पोराच्या अपयशाची वाट पाहतो.

यावर विणकरांनी मला एकदा सरळ विचारले होते, “मग काय मास्तर, निवडायचंच नाही? तीसच्या तीस पोरं मैदानात सोडायची?” प्रश्न बिनतोड होता. खो-खोत एका वेळी पाठलागाला नऊ जण लागतात, त्यांतले आठ पाटीवर बसतात, नववा धावतो. दहावा बसला तर तो खो-खो राहत नाही. निवड टाळणे हा काही सद्गुण नव्हे. जो निवडत नाही तो फक्त हे काम दुसऱ्यावर, किंवा वशिल्यावर, ढकलतो.

मला वाटते, आपला गोंधळ होतो तो निवड आणि निकाल या दोहोंत. निवड जागेची असते, निकाल माणसाचा. ‘आज बारांत तुला जागा नाही’ ही निवड झाली. मूल ते ऐकून रडते, आईच्या कुशीत तोंड खुपसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर हजर होते. ‘तू कच खाणारा’ हा निकाल झाला. मूल ते ऐकून रडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी येतही नाही.

मग दोष दाखवूच नये का? अवश्य दाखवावा. पण दोष दिसतो तो हातात, पायांत, डोळ्यांत. तो तिथेच दाखवावा. ‘सूर मारताना तू डोळे मिटतोस’ असे मी म्हणालो असतो, तर ते त्या मुलाच्या कामाचे होते. ते खरेही होते. मी ते म्हणालो नाही. जे माझ्या डोळ्यांनी पाहिले होते ते मी सांगितले नाही, आणि जे कोणालाच दिसत नाही, म्हणजे त्याचे पुढचे आयुष्य, ते मात्र छातीठोकपणे सांगून टाकले. सगळ्या भाकितांतले मूळ पाप मला हे वाटते. ते खोटे असते असे नाही. पण ते आळशी असते. पाहण्याचे कष्ट वाचवण्यासाठी आपण भविष्य सांगतो.

आणि काकांच्या चार शब्दांविषयी म्हणाल, तर चादरीला कान नसतात. तिला ‘सेकंड’ म्हटले म्हणून तिचा धागा आणखी सुटत नाही. पोराला कान असतात. आपण ज्याला ‘फेंट’ म्हणतो ते आपल्याकडे पाहत असते, आपल्याला मोठे मानत असते, आणि मोठ्यांचे म्हणणे खोटे पाडणे त्याला शोभत नाही म्हणून की काय, पुष्कळदा ते खरे करून दाखवते. मग आपण म्हणतो, ‘पाहा, पाय पाळण्यातच दिसले होते!’ पूर्वी टपरीवरचे बोलणे टपरीवर राहायचे. आज ते खिशातल्या फोनमधून त्या पोराच्या उशापाशी जाऊन पोहोचते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा आमच्याकडे भरलेली होती; तरी १९ तारखेच्या संध्याकाळी टपरी भरलेली होती. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवले, मुलांनी ५४-३६ ने. त्या विजयी संघात आमचा वेळापूरचा रामजी होता. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, यावरून काय ते ओळखा.

गर्दी पांगल्यावर काकांनी पिशवीतून ती जुनी वही काढली. २०२२ च्या पानावर, ‘फेंट’ म्हणून लिहिलेल्या त्या सतरा वर्षांच्या मुलापुढे, तांबड्या शाईने एकच शब्द होता: ‘चुकलो’. तो मुलगा पुढे चांगला चमकला होता. त्या पानावर असे तांबडे शब्द आणखीही होते. मी म्हणालो, “काका, बऱ्याच चुका झाल्या की.”

काका हसले. म्हणाले, “गिरणीत माझी चूक झाली की साहेब फैलावर घ्यायचा. इथं मी चुकलो की एक पोरगं वर जातं. मग आणखी काय पाहिजे? मी आता चुकायलाच बसतो म्हणा ना.”

काका आजही पोरांना दर्जे देतात. त्यांची जीभ सुधारायची नाही. पण त्या तांबड्या शाईने ते माझ्या फार पुढे गेले आहेत, हे मला त्या रात्री कळले. माझ्या वहीत तांबडा शब्द लिहायला जागाच नव्हती. मी बरोबर ठरलो होतो. ते पोरगे पडणारच होते म्हणून पडले, की मी म्हणालो म्हणून पडले, हे आता कोणत्या उजेडासमोर धरून पाहणार?

या जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात एक तिशीतला माणूस मैदानाच्या कडेला माझी वाट पाहत उभा होता. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा मी त्याला ओळखले. यंत्रमागावर टॉवेल विणतो, बरे चालले आहे, म्हणाला. मुलीला खो-खोचा नाद लागला आहे, सरांनी एकदा पाहावे.

मग हसत हसत तो मुलीला म्हणाला, “सरांची नजर लई पक्की बरं का. मला त्यांनी सातवीतच ओळखलं होतं. मी पडलो कच खाणारा.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. एकोणीस वर्षे हे वाक्य त्याने आपल्या जन्मतारखेसारखे जवळ बाळगले होते. मला काही बोलता येईना. मी मुलीला म्हटले, “त्या खांबापर्यंत जाऊन ये बघू.”

ती धावली. बापाचे पाय घेऊनच आली होती. परतल्यावर मी म्हणालो, “डावीकडे वळताना तुझं आतलं पाऊल उशिरा पडतं. उद्या ये, दाखवतो.”

बाप थांबून राहिला. एवढ्याने त्याचे समाधान झाले नव्हते. “पुढं काही होईल का ओ सर हिचं?”

“ते मला दिसत नाही,” मी म्हणालो. आणि मग, वाक्य संपवून टाकावे असे वाटत असतानाच, म्हणालो, “तुझंही दिसलं नव्हतं. तू सूर मारताना डोळे मिटायचास. तेवढंच दिसलं होतं. बाकीचं मी माझ्या मनानं बोललो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. जरा वेळाने म्हणाला, “एवढंच होतं होय? मग तवाच सांगायचं नाही का ओ सर?”

मुलगी तोवर न सांगताच दुसऱ्यांदा खांबाकडे धावत सुटली होती.